दख्खनी मेंढीचं एमएक्स-१ जनुक: नमुन्यापासून सिक्वेन्सपर्यंत

मेंढीचं एमएक्स-१ हे विषाणूविरोधी जनुक कुणी नव्याने शोधायचं राहिलेलं नाही. त्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) १९९३ सालीच प्रसिद्ध झाला, तोही गाभण मेंढीच्या गर्भाशयाच्या अस्तरातून. तरी मुंबईत बसून दख्खनी मेंढीतून तेच जनुक पुन्हा काढायला कारण आहे. सगळे ज्यांचा आधार घेतात ते संदर्भ जीनोम टेक्सेल आणि रॅम्बुलेट या परदेशी जातींचे आहेत. पीपीआर, देवी आणि नीलजिव्हा या विषाणूजन्य रोगांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड देणाऱ्या आपल्या पठारावरच्या मेंढीत या जनुकाची कोणती रूपं आहेत, ते त्या जीनोममधून कळत नाही. नीलजिव्हेची भारतातली पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातूनच झाली होती.

जनुकाची ओळख थोडक्यात. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन हे पेशींना सावध करणारं प्रथिन शोधलं. पुढे लिंडेनमान यांना १९६२ मध्ये ए२जी जातीचे उंदीर इन्फ्लुएन्झाला दाद देत नाहीत असं दिसलं, आणि त्यातून एमएक्सचा माग लागला. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते, इंटरफेरॉनमुळे एमएक्स तयार होतं, आणि हे जीटीपी हा ऊर्जेचा रेणू तोडणारं मोठं प्रथिन विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनभोवती जमून त्याची नक्कल अडवतं. मेंढीत ते ६५४ अमिनो आम्लांचं आहे, म्हणजे स्टॉप कोडॉन धरून १९६५ बेसचा ओआरएफ (प्रथिनाचा संकेत असलेला सलग भाग). एवढा तुकडा मिळवणं अवघड नाही. अवघड आहे ते हे ठरवणं, की हाती आलेल्या सिक्वेन्समधला प्रत्येक फरक मेंढीचा आहे की आपल्या एन्झाइमच्या चुकीचा, आणि एमएक्सचं वाढलेलं प्रमाण विषाणूसदृश उत्तेजनामुळे आहे की पेशी वाढवायच्या सीरमच्या बाटलीमुळे. पुढचं जवळजवळ सगळं या दोन प्रश्नांभोवती फिरतं.

नमुना कुठून घ्यायचा यापासूनच सुरुवात होते. मुंबईत सोयीचं ठिकाण म्हणजे देवनारचं पशुवधगृह. महाव्यवस्थापकांची लेखी परवानगी काढली, तिथल्या पशुवैद्यकांशी बोलून ठेवलं, की प्लीहा आणि लसीका ग्रंथी मिळतात. पण तिथे आलेल्या जनावराची जात खात्रीने कुणी सांगू शकत नाही. माल अनेक बाजार फिरून येतो आणि व्यापाऱ्याच्या लेखी तो फक्त मेंढा असतो. त्यामुळे देवनारचा नमुना प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) तपासायला आणि पद्धत बसवायला उत्तम, 'दख्खनी' अशी चिठ्ठी लावायला नाही. जात हवी तर कळपात जावं लागतं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात, शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. पनवेल-कर्जतच्या पट्ट्यात वाडा बसला असेल तर रक्त घेऊन दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोचता येतं. पावसाळ्यात हेच वाडे पुन्हा पठारावर असतात, तेव्हा तो बेत सोडलेला बरा. रक्त घेण्यासाठी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची आणि पुढच्या क्लोनिंगसाठी जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी हातात हवी. समितीची बैठक कधी होईल त्यावर वाड्याचा मुक्काम थांबत नाही.

कळपात दोन गोष्टी विचारल्याशिवाय सुई लावू नये. पहिली, लस. पीपीआरची लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे नुकत्याच टोचलेल्या जनावरात इंटरफेरॉनची जनुकं आधीच चढलेली असतात. आम्ही किमान महिनाभराचं अंतर धरतो. दुसरी गोष्ट गाभण असण्याची, आणि ती जास्त फसवी आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांत गर्भ साधारण बाराव्या-तेराव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत इंटरफेरॉन-टाऊ सोडतो. आईने गर्भ ओळखावा म्हणून ती खूण असते, पण एमएक्स-१ त्या इंटरफेरॉनलाही तितकंच प्रतिसाद देतं, गर्भाशयात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही. १९९३ चा सीडीएनए गर्भाशयाच्या अस्तरातून निघाला तो यामुळेच. "मामा, ही गाभण हाय का रिकामी?" असं विचारलं तर मामा पोट चाचपून सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात, पण पंधरा-वीस दिवसांची गाभण हाताला लागत नाही, आणि इंटरफेरॉन-टाऊचा काळ नेमका तोच. म्हणून प्रमाण मोजायचं असेल तर एक ते दोन वर्षांचे नर घ्यावेत. फक्त सिक्वेन्स हवा असेल तर मादी चालते, उलट गाभण मादीत एमएक्स-१ चा आरएनए भरपूर मिळतो.

मानेच्या शिरेतून १० मिली रक्त, ते गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत. हेपॅरिन टाळावं, ते आरएनएबरोबर पुढे गेलं तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला (आरएनएवरून सीडीएनए बनवणाऱ्या एन्झाइमला) आणि पीसीआरच्या पॉलिमरेजला अडवतं. पेशी वेगळ्या करायच्या असतील तर रक्त बर्फावर ठेवू नये, २० अंशांच्या आसपास आणावं आणि चार ते सहा तासांत काम सुरू करावं. मुंबईत एप्रिल-मेमध्ये याचा अर्थ जेल पॅक टॉवेलात गुंडाळून डब्याच्या तळाशी, नळ्या वर. देवनारच्या प्लीहेचं वेगळं. ती कापल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडे करून दहापट आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात बुडवायची, एक रात्र ४ अंशांवर, मग −८० ला. जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत द्रव पोचत नाही आणि आरएनए आतून सडतो, बाहेरून काही कळत नाही.

मेंढीच्या रक्तातून एकल-केंद्रकी पेशी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी) काढताना माणसाच्या रक्ताचा प्रोटोकॉल जसाच्या तसा चालवला की गाडी अडते. मेंढीची तांबडी पेशी जेमतेम साडेचार मायक्रॉनची, माणसाच्या पेशीपेक्षा बरीच लहान. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) ती पुरती तळाशी जात नाही. रक्त पीबीएस या बफरमध्ये निम्म्यास निम्मं मिसळून फायकॉल या १.०७७ घनतेच्या द्रावणावर हळूच थर द्यायचा आणि ८०० जीवर ३० मिनिटं फिरवायचं, २० अंशांवर, ब्रेक बंद ठेवून. फायकॉलची बाटली थेट फ्रिजमधून काढली तर घनता वाढते आणि तांबड्या पेशी वर अडकतात. एसी बंद असलेल्या खोलीत ३२ अंशांवर वापरली तर घनता घटते आणि लिम्फोसाइट खाली निघून जातात. नळी उजेडात धरून पाहिलं की चांगल्या थरात प्लाझ्मा आणि फायकॉलच्या मध्ये दुधी, धुकट कडं दिसतं, त्याच्या खालच्या कडेला किंचित गुलाबी झाक. मेंढीत ती झाक थोडी राहतेच. कडं चक्क लालसर असेल तर पेशींवर अमोनियम क्लोराइडचा लायसिस बफर दोन-तीन मिनिटं घालून दोनदा धुवावं. १० मिली रक्तातून एक ते तीन कोटी पेशी मिळाल्या तर काम नीट झालं समजावं.

यानंतर उत्तेजन. आरपीएमआय-१६४० या पोषक द्रवात १० टक्के सीरम, दर मिलीला वीस लाख पेशी, चोवीस विहिरींची प्लेट, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. विषाणूच्या दुहेरी आरएनएची नक्कल म्हणून पॉली आय-सी, दर मिलीला १० ते २५ मायक्रोग्रॅम. ही पूड विरघळवल्यावर ६५ ते ७० अंशांवर दहा मिनिटं तापवून टेबलावर सावकाश गार होऊ द्यावी, तेव्हा दोन्ही धागे नीट जुळतात. बर्फात गार केली तर एकेरी धागे जास्त राहतात आणि उत्तेजन फिकं पडतं. ०, ६, १२ आणि २४ तासांना पेशी काढायच्या, आणि प्रत्येक वेळेची स्वतःची विनाउत्तेजन विहीर हवी. शून्य तासाची एकच विहीर सगळ्यांना नियंत्रण म्हणून लावणं चुकीचं, कारण नुसत्या प्लास्टिकवर चोवीस तास बसूनही पेशी बदलतात.

नियंत्रणातच एमएक्स वर असेल तर पहिला संशय सीरमवर घ्यावा. गायीच्या गर्भाच्या सीरममध्ये बीव्हीडी हा गुरांच्या जुलाबाचा विषाणू असू शकतो, आणि तो मेंढीच्या पेशींत चालतो. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) जास्त असेल तर पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहीमार्गे इंटरफेरॉन-बीटा सुटतं, म्हणजे पॉली आय-सी न घालताही तोच परिणाम. सीरम बीव्हीडीसाठी तपासलेलं आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं घ्यावं, एका प्रयोगमालेला पुरेल एवढं एकाच लॉटचं घ्यावं. पैसे वाचवायला मध्येच दुसऱ्या लॉटची बाटली उघडली तर आधीची आणि नंतरची जनावरं एका आलेखात बसवता येत नाहीत.

आरएनए काढण्यात नवीन काही नाही: पेशी फोडणारं ट्रायझोल १ मिली, क्लोरोफॉर्म २०० मायक्रोलिटर, १२,००० जीवर ४ अंशांवर १५ मिनिटं, वरच्या थरातला फक्त दोन-तृतीयांश उचलायचा, आयसोप्रोपेनॉल ५०० मायक्रोलिटर, मग ७५ टक्के इथेनॉलने धुणं. वीस लाख पेशींतून जेमतेम एक-दोन मायक्रोग्रॅम आरएनए निघतो आणि पेलेट (तळाशी बसलेला साका) दिसतही नाही, म्हणून आयसोप्रोपेनॉलबरोबर ग्लायकोजेन घालावं आणि शक्य तर दोन विहिरी एकत्र कराव्यात. पेलेट खडखडीत वाळवू नये, मग तो विरघळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये −८० मधून काढलेल्या नळीवर क्षणात दव जमतं. झाकण उघडताना तो थेंब आत गेला तर हातमोज्यावरचा, आरएनए तोडणारा आरएनेज त्याच्याबरोबर आत जातो. नळी बर्फावर ठेवून पुसून, क्षणभर फिरवूनच उघडावी. प्लीहा वापरत असाल तर ३० मिलीग्रॅमवर जाऊ नका, तिच्यात डीएनए इतका असतो की मधला थर दाटतो आणि वर येतो. डीएनए तोडणाऱ्या डीएनेजची प्रक्रिया कुठल्याही नमुन्याला टाळू नये.

२६०/२८० हा शुद्धतेचा आकडा (दोन तरंगलांबींवरच्या शोषणाचं गुणोत्तर) २.० च्या जवळ आला की सगळे खूश होतात, पण २६०/२३० दीडच्या खाली असेल तर ग्वानिडिन किंवा फिनॉल मागे राहिलं आहे आणि सीडीएनए अर्धवट बनेल. अशा वेळी पुन्हा इथेनॉलने धुणं नव्या नमुन्यापेक्षा स्वस्त पडतं. जेलवर रायबोसोमच्या आरएनएचे २८एस आणि १८एस हे बँड स्पष्ट आणि वरचा दुप्पट ठळक हवा. पूर्ण ओआरएफ हवा असल्याने तुकडे झालेला आरएनए इथे अजिबात चालत नाही. क्यूपीसीआरला (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरला) चालून गेलेला नमुना दोन किलोबेसच्या पीसीआरला हात टेकवतो.

पूर्ण लांबीसाठी १ मायक्रोग्रॅम आरएनए, ऑलिगो-डीटी (आरएनएच्या शेपटाला चिकटणारा प्रायमर), आणि आरएनेज-एच नसलेलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, ५० अंशांवर एक तास. प्रायमर कुठे बसवायचे यावर मात्र थांबून विचार करावा. पुष्कळ ठिकाणी पुढचा प्रायमर एटीजी या सुरुवातीच्या कोडॉनवर आणि मागचा स्टॉप कोडॉनवर बसवलेला दिसतो. तुकडा छान मिळतो, पण दोन्ही टोकांचे वीस-वीस बेस मेंढीचे नसतात, प्रायमर बनवणाऱ्याने पाठवलेले असतात. मेंढीत तिथे फरक असला तरी तो पुसला जातो, आणि तो सिक्वेन्स डेटाबेसमध्ये 'दख्खनी' म्हणून जमा होतो. प्रायमर दोन्ही बाजूंच्या यूटीआरमध्ये (प्रथिनात भाषांतर न होणाऱ्या भागांत), ओआरएफपासून तीस-चाळीस बेस तरी दूर बसवावेत. आणि एमएक्स-१ व त्याचं नातलग जनुक एमएक्स-२ यांचा जीटीपेज भाग एकमेकांशी बराच जुळतो, त्यामुळे प्रायमर दोन्हींशी ताडून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

पीसीआर प्रूफरीडिंग (स्वतःच्या चुका सुधारणाऱ्या) एन्झाइमने: ९८ अंश ३० सेकंद, मग ९८ ला १० सेकंद, ६० ते ६४ ला २० सेकंद, ७२ ला एक मिनिट, अशी ३० चक्रं. बँड कमी दिसतो म्हणून चाळीसवर जाऊ नये, त्यापेक्षा सीडीएनए वाढवावा. शेवटच्या चक्रांत अर्धवट राहिलेला धागा दुसऱ्या ॲलीलवर (जनुकाच्या दुसऱ्या रूपावर) जाऊन पूर्ण होतो आणि निसर्गात नसलेला संकर तयार होतो. एक टक्का अगरोजच्या जेलवर दोन किलोबेसच्या जरा वर एकच बँड हवा. खाली दुसरा, लहान बँड आला तर तो कापून फेकण्याआधी सिक्वेन्स करून पाहावा, तो वेगळ्या स्प्लाइसिंगचा (आरएनएच्या तुकड्यांच्या वेगळ्या जोडणीचा) असू शकतो.

आमचा आग्रह असा, की क्लोनिंगच्या आधी शुद्ध केलेला पीसीआरचा माल थेट सिक्वेन्सिंगला पाठवावा. कारण साधं आहे. एन्झाइमची चूक लाखो रेणूंपैकी थोड्यांतच असते, त्यामुळे थेट वाचनात ती दबून जाते. जनावराचा खरा फरक मात्र निम्म्या किंवा सगळ्या रेणूंत असतो. क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सिंगच्या आलेखात) तो ओळखू येतो: आजूबाजूची शिखरं एकेरी आणि उंच, मध्येच एका जागी दोन रंगांची, साधारण निम्म्या उंचीची शिखरं एकमेकांत गुंतलेली. उलट दिशेच्या वाचनातही त्याच जागी तीच जोडी दिसली पाहिजे. एकाच दिशेला दिसली, किंवा सलग दहा-बारा जागी दिसू लागली, तर तो गोंगाट किंवा दोन लांबींची मिसळ आहे. एका वाचनात ७०० ते ८०० बेस भरवशाचे, सुरुवातीचे तीस-चाळीस सोडून द्यायचे. म्हणजे दोन टोकांच्या प्रायमरांनी मध्यभाग सुटतो, आतले दोन प्रायमर तरी लागतातच.

क्लोनिंग त्यानंतर, दोन ॲलील वेगळी करायला. प्रूफरीडिंग एन्झाइमने बनलेला तुकडा बोथट टोकांचा असतो, टी-व्हेक्टर या वाहक प्लाझ्मिडमध्ये घालण्याआधी त्याला साधं टॅक पॉलिमरेज आणि डीएटीपी देऊन ७२ अंशांवर वीस मिनिटं ठेवायला लागतं. हे विसरलं की प्लेटभर निळ्या, म्हणजे तुकडा न घेतलेल्या वसाहती. जेलचा तुकडा कापताना लांब तरंगलांबीचा यूव्ही आणि अर्ध्या मिनिटाच्या आत काम, नाहीतर थायमिन जुळून डीएनए खराब होतो. इन्सर्ट आणि व्हेक्टर तीनास एक, ४ अंशांवर रात्रभर, डीएच५-अल्फा या जिवाणूत ४२ अंशांचा ४५ सेकंद झटका, अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम दर मिली. अठरा तासांनंतर मोठ्या वसाहतींभोवती बारीक ठिपके येतात, ते उचलू नयेत. प्रत्येक जनावराचे किमान तीन क्लोन, आणि तेही दोन स्वतंत्र पीसीआरमधून. जो फरक एकाच क्लोनमध्ये आहे आणि थेट वाचनात नाही, तो टाकून द्यायचा, कितीही आकर्षक अमिनो आम्ल बदलत असलं तरी.

विश्लेषणात संगणक सगळं करून देतो म्हणून घाई होते. ओआरएफ भाषांतरित केल्यावर जीटीपी बांधणारे तीन तुकडे जागेवर आहेत का ते डोळ्यांनी पाहावं: जीडीक्यूएसएसजीकेएस, डीएलपीजी आणि टीकेपीडी (अमिनो आम्लांच्या एकाक्षरी नावांत). यांतल्या एखाद्यात बदल दिसला तर शोध लागला असं समजण्याआधी क्रोमॅटोग्राम पुन्हा उघडावा. फरक अपेक्षित आहे तो दुसरीकडे, प्रथिनाच्या देठाच्या टोकाशी असलेल्या एल-४ या फाशात (लूपमध्ये). माणसाच्या एमएक्सएमध्ये (तिथल्या एमएक्स-१ च्या प्रथिनात) कोणत्या विषाणूला पकडायचं ते बऱ्याच अंशी तिथे ठरतं, आणि सस्तन प्राण्यांत तोच भाग झपाट्याने बदलत आला आहे. प्रथिनाची संगणकी प्रतिकृती बांधताना मात्र सावध राहावं. २०११ साली आलेल्या एमएक्सएच्या स्फटिक-रचनेत हा फास दिसतच नाही, तो हलता आहे. संगणकाने तिथे काढून दिलेला सुबक वळसा अंदाज आहे, त्यावर बंधांचे आकडे मोजत बसण्यात अर्थ नाही. २०१०-११ च्या रचनांनी देठ, जोडणी आणि डोकं अशी मांडणी स्पष्ट केली, तरी अजून 'ल्युसिन झिपर' हे जुनं नाव लिहिण्याची सवय सुटलेली नाही.

वंशवृक्ष हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी सांगणारा भाग. शेळी सगळ्यात जवळ येणार, मग गाय-म्हैस, लांब डुक्कर, माणूस, उंदीर. एक खड्डा तेवढा आहे: उंदराचं एमएक्स-२ हे माणसाच्या एमएक्स-२ चं भावंड नाही. उंदराची दोन्ही जनुकं माणसाच्या एमएक्स-१ च्या शाखेतली आहेत. नावावर जाऊन सिक्वेन्स उतरवले तर झाड वेडंवाकडं येतं.

प्रमाण मोजताना क्यूपीसीआरचे प्रायमर एक्सॉनच्या (आरएनएत टिकणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर, १०० ते १५० बेसचा तुकडा, पाच पायऱ्यांच्या दहापट विरळीकरणातून कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. संदर्भ जनुक (तुलनेसाठीचं स्थिर जनुक) म्हणून डोळे मिटून जीएपीडीएच घेऊ नये. पॉली आय-सीने पेशींचा चयापचय बदलतो आणि ते हलतं, शिवाय जीनोममध्ये त्याची इंट्रॉन नसलेली खोटी प्रतिरूपं आहेत, त्यामुळे डीएनए उरला असेल तर विना-आरटी (रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेल्या) नळीतही ते उगवतं. वायडब्ल्यूएचएझेड, एसडीएचए, एचपीआरटी-१ यांतली दोन-तीन आपल्याच नमुन्यांवर तपासून स्थिर ठरतील ती घ्यावीत. सांख्यिकी डेल्टा-सीटीवर (संदर्भ जनुकाच्या तुलनेतल्या चक्रांच्या फरकावर) करावी, पटींच्या आकड्यांवर नाही. एका मेंढ्याची दहापट आणि दुसऱ्याची दोनशेपट यांची साधी सरासरी काढली तर एकच मेंढा सगळा निकाल ठरवतो.

इथवर आलं तरी जनुक विषाणू अडवतं हे सिद्ध झालेलं नसतं. त्यासाठी ओआरएफ सस्तन पेशींत चालणाऱ्या प्लाझ्मिडमध्ये, एन-टोकाला फ्लॅग टॅग (ओळखीचा छोटा तुकडा) लावून, व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घालतात. व्हेरोमध्ये टाइप-१ इंटरफेरॉनची जनुकं गायब आहेत, त्यामुळे पेशी स्वतः इंटरफेरॉन बनवून निकाल गढूळ करत नाही, आणि पीपीआरच्या लसीचा विषाणू त्यात नीट वाढतो. सोबत दोन नियंत्रणं हवीत: रिकामं प्लाझ्मिड, आणि जीकेएसमधल्या लायसिनच्या जागी अॅलानिन बसवलेलं, जीटीपी तोडू न शकणारं एमएक्स. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) दोन्ही एमएक्स ७५ किलोडाल्टनच्या आसपास सारख्याच जाडीचे दिसले, तरच विषाणूच्या टायटरमधला (संसर्गक्षम विषाणूंच्या प्रमाणातला) फरक बोलता येतो. ट्रान्सफेक्शन (प्लाझ्मिड पेशींत घालणं) तीस टक्के पेशींतच झालं असेल तर उरलेल्या सत्तर टक्क्यांतला विषाणू टायटर भरून काढतो आणि चांगलं जनुक निकामी वाटतं. तेव्हा स्थिर पेशी-ओळ बनवावी, किंवा विषाणूचा प्रतिजन आणि फ्लॅग दोन्ही रंगवून पेशीनिहाय मोजावं. दुसरी पद्धत कंटाळवाणी आहे, पण मायक्रोस्कोप आणि दोन अँटिबॉडी असल्या की ती लगेच सुरू करता येते, पेशी-ओळीला मात्र दोन-तीन महिने जातात.